धाकलीची चाहूल

माझी नोकरी लोकांच्या वस्तू बंद करायला लावण्याची आहे. कुणाच्या विहिरीवरची मोटार ठिणग्या टाकतेय, कुणाच्या दुकानावरची दिव्यांची माळ बिघडलीय, कुणी चोरून स्वस्तातला वायफायचा डबा बसवलाय, की पाठीला यंत्र बांधून मी त्याच्या दारात उभी. आंबेदरा आणि आसपासच्या गावांतली पोरं मला लांबूनच ओळखतात आणि ओरडतात, "चूपबाई आली!" माझं खरं नाव वृषाली डुंबरे. ते आता फक्त पगाराच्या दिवशी वापरात येतं.

हे सगळं आमच्या शिवारातल्या दुर्बिणीपायी. दुर्बीण म्हटलं की लोकांना घुमट आणि नळी आठवते. आमची तशी नाही. जुन्नर तालुक्यातल्या काही हजार शेतांच्या बांधांवर एकेक तबकडी उभी आहे, आणि त्या सगळ्या मिळून एक दुर्बीण होते, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकणारी. ज्याच्या बांधावर तबकडी तो तिचा राखणदार. खंडेनवमीला लोक अवजारांबरोबर तिलाही हळदकुंकू वाहतात. एका आजोबांनी एकदा तिच्या बरोब्बर मधोमध नारळ फोडला होता, तेव्हा मात्र आमच्या अभियंत्यांनी डोक्याला हात लावला.

आकाशातला हा आवाज फार म्हणजे फारच बारीक असतो. जगातल्या सगळ्या रेडिओदुर्बिणींनी आजवर गोळा केलेली ऊर्जा एकत्र केली, तरी तिच्यावर चहाचा एक थेंब कोमट व्हायचा नाही. त्यापुढे मोटारीची एक ठिणगी म्हणजे कानाशी फुटलेला सुतळी बाँब. म्हणून आमच्या भागात कायद्याने शांतता आहे, आणि ती राखायला माझ्यासारखी खाष्ट बाई ठेवलेली आहे.

दोन हजार अठ्ठेचाळीस सालचा दसरा झाला आणि साबडे मॅडमनी मला बोलावून घेतलं. डॉ. मीनल साबडे आमच्या केंद्राच्या प्रमुख. वय साठीच्या आतबाहेर. बोलता बोलता भाजके शेंगदाणे त्यांनी सोलायचे आणि समोरच्याने खायचे, अशी त्यांची पद्धत. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर एक चित्र लावलं. काळ्या फरशीवर चिमूटभर रांगोळी सांडावी तसं काहीतरी होतं.

"ही धाकली," मॅडम म्हणाल्या. "आपल्या आकाशगंगेच्या शेजारची बटू दीर्घिका, म्हणजे एक चिमुकली आकाशगंगाच. यादीत तिचं नाव म्हणजे नुसते आकडे आहेत, म्हणून मी तिला धाकली म्हणते. आपल्याकडे तारे अब्जावधी, हिच्याकडे जेमतेम काही लाख. अंतराळातल्या नव्या दुर्बिणीने त्यातला एकेक तारा सुटा करून दाखवलाय, म्हणून तिचं वय काढता आलं."

"ताऱ्यांचं वय कसं काढतात?"

"रंगावरून. निळे तारे उधळे असतात, भडाभडा जळतात आणि लवकर संपतात. तांबडे चिक्कू, ते अब्जावधी वर्षं पुरवून जळतात. म्हणजे जिथे निळे शिल्लक नाहीत, तिथे..."

"तिथे पाळणा हलून बरीच वर्षं झाली," मी म्हणाले. "गावात नुसती म्हातारी माणसं दिसली तर ते सांगायला ग्रामसेवक लागत नाही."

मॅडमना ते आवडलं. त्यांनी दोन शेंगदाणे जास्त दिले. मग त्यांनी धाकलीचं सगळं आयुष्य मला पडद्यावर दाखवलं, ताऱ्यांच्या वयांवरून रचलेलं. आधी काळोख. मग एक ठिणगी, तिच्याशेजारी दुसरी, आणि बघता बघता सगळी धाकली निळीशुभ्र पेटली. त्यातले मोठे तारे फुटायला लागले. प्रत्येक स्फोटाबरोबर तिच्यातला वायू बाहेर उधळला जात होता. एवढीशी दीर्घिका, तिचं ओढून धरण्याचं बळ ते किती! तारे जन्मायला वायू लागतो, आणि वायूच घर सोडून गेला. धाकली तांबूस झाली, मग मंद झाली, आणि तशीच राहिली. इतका वेळ काहीच हललं नाही की मला वाटलं, पडदा बिघडला.

"हे कधी संपणार?"

"थांब. नऊ अब्ज वर्षं आहेत ती. आपला सूर्य आणि पृथ्वी या काळोखातच कधीतरी जन्मले."

शेंगदाणा माझ्या बोटांतच राहिला. आणि मग, त्या मंद तांबूस धुरळ्यात, अगदी मधोमध, पुन्हा मूठभर निळे ठिपके लागले. थोडेच. तेही विझले. त्याला आता तीन अब्ज वर्षं होऊन गेली होती.

"विझलेली चूल पुन्हा कुणी पेटवली?" मी विचारलं.

"तेच कुणाला माहीत नाही. माझा अंदाज आहे की उधळलेला वायू फार लांब गेलाच नव्हता. बाहेरच्या अंधारात थंड होत हिंडला आणि परत फिरला. एकदा परतला, तर पुन्हाही परतेल. कदाचित आत्ता परतत असेल."

तो वायू म्हणजे हायड्रोजन, आणि हायड्रोजन रेडिओलहरींत बोलतो. मग आजवर कुणी ऐकला कसा नाही? मॅडम हसल्या. प्रत्येक दीर्घिकेच्या वेगानुसार तिच्या हायड्रोजनचा सूर थोडा वरखाली होतो. धाकलीचा वेग नेमका असा, की तिचा सूर आपल्या स्वतःच्या आकाशगंगेच्या सुराला जाऊन चिकटतो. आणि जगातला प्रत्येक खगोलशास्त्रज्ञ काम सुरू करताना पहिल्यांदा काय करतो, तर आपल्या घरचा आवाज पुसून टाकतो. त्या आवाजाबरोबर इतकी वर्षं सगळ्यांनी धाकलीचाही आवाज पुसला होता.

"तिचा वायू खरोखर थंड होऊन आकसत असेल, तर त्याचा सूर फार बारीक असेल. गरम वायू भसाडा बोलतो, थंड वायू एका सुरात. तो बारीक सूर आपल्या दुर्बिणीला वेगळा काढता येईल. पण त्याला निव्वळ शांतता हवी."

शांतता कुठून आणायची? आता आकाशात ताऱ्यांपेक्षा उपग्रह जास्त झालेत, आणि ते सगळे एकसारखे बडबडत असतात. मॅडमनी आठ वर्षं जगभर पत्रव्यवहार करून एक गोष्ट मिळवली होती. दिवाळीनंतरच्या दहा संध्याकाळी, दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत, धाकली आमच्या माथ्यावर असताना आमच्यावरून जाणारे सगळे उपग्रह गप्प बसणार होते. पुन्हा कधी, हे मी विचारलं.

"माझ्या हयातीत नाही. बहुतेक तुझ्याही नाही. आकाश मी गप्प केलंय, वृषाली. जमीन तू कर."

आणि त्यांनी जमिनीवरच्या गोंगाटाचा नकाशा लावला. त्यावर शेकडो तांबडे ठिपके होते. मला सांगायची गरज नव्हती. झटका मशीन. बिबट्यापासून गोठा राखायला लोकांनी कुंपणाच्या तारांत विजेचा झटका सोडला होता, आणि तार गवताला लागली की प्रत्येक झटक्याला ठिणगी उडते. सगळ्यांत मोठा ठिपका दुर्बिणीच्या बरोब्बर मध्यावर होता. ते माझ्या सख्ख्या भावाचं शेत.

कायद्याने मला एक बटण दिलेलं आहे. नियंत्रणकक्षात बसून मी कुणाच्याही शेताची वीज तोडू शकते. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी ते फार क्वचित वापरलं होतं, आणि ओळखीच्या माणसावर कधीच नाही.

दिगंबरदादा उसाला पाणी देऊन नुकताच येऊन बसला होता. मला बघून म्हणाला, "कामावर आलीस का घरी आलीस?"

"दोन्ही."

"मंग कामाचं आधी बोल. च्या तरी गोड लागंल."

मी सांगितलं. धाकली सांगितली, उपग्रह सांगितले, दहा संध्याकाळी सांगितल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सदऱ्याची कॉलर बाजूला केली. खांद्यापासून पाठीपर्यंत पंज्याचे व्रण होते. दोन वर्षांपूर्वी उसाला पाणी देताना बिबट्याने मागून झडप घातली होती. सुरेखावहिनी विळा घेऊन ओरडत धावली म्हणून दादा आज समोर बसला होता. आमच्याकडे बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात.

"आता ऊसतोड सुरू व्हनार. ऊस पडला की वाघ उघड्यावर. त्यो बी दिवेलागणीलाच निघतो. तुझ्या हापिसातून त्याला चिठ्ठी गेलीया का, दहा सांजा घरात बस म्हणून?"

त्याने कॉलर सारखी केली.

"आन् तुझ्याकडं बटन हाये ना? मंग विचारायला आलीस का सांगायला?"

"विचारायला."

"आन् मी नाय म्हटलं तर?"

उत्तरासाठी तो थांबला नाही. तो उठून गोठ्यात गेला. तिथे हौसा गाईला दहा दिवसांचं वासरू होतं, ते उगाच उड्या मारत होतं.

वहिनी चहा घेऊन आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं. "वन्सं, ती नऊ अब्ज वर्सं अंधारात व्हती, आन् मंग पुन्यांदा उजेड पडला, ह्ये खरं का?"

"खरं."

"आन् आता परत पडंल?"

"तेच तर ऐकायचंय, वहिनी. थंड वायू जमायला लागला असेल तर त्याची चाहूल लागेल."

वहिनीने कप खाली ठेवला आणि थोडा विचार केला. "मला एक सांगा. ढोलाला करंट लागतो का?"

मग मला हसू आलं आणि मी तिला मिठीच मारली. गोठ्यातून दादा ओरडला, "काय झालं?" वहिनी म्हणाली, "काय नाय. तुमच्या झटक्याला सवत आणलीया."

ढोलाला करंट लागत नाही. लेझमीला लागत नाही, टाळांना लागत नाही, शेकोटीला लागत नाही. रेडिओदुर्बिणीला ढोल ऐकू येत नाही, आणि वाघाला ढोल सहन होत नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या केंद्रातल्या एकाही शहाण्याला सुचली नव्हती, मलाही नाही. माझं सगळं आयुष्य शांत करण्यात गेलं, त्यामुळे गोंगाट करा असं सांगायचं माझ्या डोक्यातच येईना.

गावोगावच्या सभा मी घेतल्या. हो म्हणायला लोकांनी वेळ लावला. पण ढोलपथकांत चुरस लागली आणि मग मला कुणाला समजावत बसावं लागलं नाही. आंबेदऱ्याचं पथक वाजवतं आणि शेजारच्या गावाचं झोपतं, ही नामुष्की कुणाला सोसणार? पाळ्या ठरल्या, लाकडं जमली. दादा सभेत एक अक्षर बोलला नाही. पहिल्या दिवशी दुपारी मात्र त्याने आपल्या हाताने मशीनची वायर काढली.

त्या दुपारी मी नियंत्रणकक्षात नकाशासमोर उभी होते. एकेक तांबडा ठिपका विझत गेला. आधी ओतूरकडचे, मग नदीपलीकडचे, मग आमचे. तीन वाजता नकाशा कोराकरकरीत काळा झाला. मी इतकी वर्षं हे काम करतेय, असा काळा नकाशा मी कधी पाहिला नव्हता. खिडकीतून मात्र दहा दिशांनी ढोल ऐकू येत होते. कानाला एवढा कल्लोळ आणि दुर्बिणीला एवढी शांतता. मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून पायाने ठेका धरत होत्या, आणि आपण तो धरलाय हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

पडद्यावरच्या आलेखात आपल्या आकाशगंगेच्या हायड्रोजनची टेकडी होती, सगळ्या दुर्बिणींना दिसते तीच. पहिल्या दिवशी तिच्यावर नुसतं खरखरीत गवत दिसलं. दुसऱ्या दिवशीचं ऐकणं त्यात मिळवलं, तिसऱ्या दिवशीचं मिळवलं, तशी खरखर बसत गेली. पाचव्या संध्याकाळी टेकडीच्या उतारावर एक काडी उभी दिसली. बारीक, सरळ. आमचे यंत्रचालक कुऱ्हाडे म्हणाले, "तबकडीचा बिघाड असेल." मॅडमनी अर्ध्या तबकड्या बाजूला काढून बघितलं. काडी तिथेच. मग दुसऱ्या अर्ध्या काढल्या. काडी तिथेच.

"अजून पक्कं नाही म्हणता येणार," मॅडम म्हणाल्या. "दहाही दिवस पुरे झाले तर म्हणता येईल." आणि त्या डोळे पुसायला बाहेर गेल्या.

सातव्या संध्याकाळी ढोलाची पाळी बदलताना मध्ये थोडा वेळ गेला. तेवढ्यात वाघ दादाच्या गोठ्यात शिरला आणि हौसाचं वासरू घेऊन गेला.

मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी गेले तेव्हा दादा पाठ करून गोठ्याचं दार बांधत होता. हौसा उसाच्या दिशेने तोंड करून उभी होती आणि हंबरत होती. वहिनीने मला पाणी दिलं आणि फक्त "जा तुम्ही आता," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

दुपारी तीन वाजता नकाशाच्या बरोब्बर मधोमध तांबडा ठिपका पेटला.

कक्षातले सगळे माझ्याकडे वळले. सगळ्यांना माहीत होतं की ते शेत कुणाचं आहे. पडद्यावरची काडी ठिणग्यांच्या खरखरीत बुडून गेली. मध्यावरची ठिणगी म्हणजे निम्म्या तबकड्या वाया. तीन दिवस उरले होते, आणि तिन्ही वाया गेले तर ती काडी कायमची शंकाच राहणार होती.

"मॅडम, बटण," कुऱ्हाडे शेवटी म्हणाले. "वृषालीताई, कायदा आहे."

"ते तिचं काम आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आठ वर्षं त्यांनी या संध्याकाळींसाठी घालवली होती, आणि तरी त्यांनी बघितलं नाही. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला, तो आजही तसाच आहे.

मी बटणावर बोट ठेवलं. दाबलं असतं तर दादाचं कुंपण मेलं असतं आणि त्याला ते वाघ दारात आल्यावर कळलं असतं. मला माझ्या भावाचा विश्वासघात करून तारे नको होते. मी तसं मोठ्याने म्हणाले आणि बाहेर पडले. गाड्या त्या वेळात बंद, म्हणून सायकल घेतली.

वाटेत शाळेपाशी पथकाचा एक जादा ढोल पडला होता. तो मी गळ्यात अडकवला आणि दादाच्या गोठ्यासमोर, उसाकडे तोंड करून उभी राहिले. मशीन चालू म्हटल्यावर पथक तिथे थांबलं नव्हतं. आयुष्यात कधी ढोल वाजवला नव्हता. चूपबाई कशाला वाजवेल! पहिला टोला माझ्या गुडघ्यावर बसला. मग मी बडवत सुटले. ना ताल ना ठेका. सूर्य कलला, मशीनच्या डब्यावरचा दिवा लुकलुकत होता आणि मी घामाघूम होऊन बडवत होते.

दादा घरातून बाहेर आला.

"काय चाललंय?"

"राखण."

"राखण हाये का वाघाला आवतन? त्यो बगायला येईल, कोण मेलं म्हणून."

"येऊ दे. तुझं मशीन चालू आहे, चालूच ठेव. मी बंद कर म्हणायला आले नाही."

"मंग कशाला आलीस?"

"काल पाळी बदलताना माणूस कमी पडलं. दादा, तुझं वासरू माझ्यामुळे गेलं. ते परत आणता येत नाही. म्हणून उभी राहिले."

दादाने वहिनीला हाक मारून शेकोटी पेटवायला सांगितली. मग मशीनच्या डब्याशी गेला आणि खटकन वायर काढली. माझ्या गळ्यातला ढोल घेत म्हणाला, "दे हिकडं. तुझ्या वाजवण्यानं हौसा आटंल."

तो तरुणपणी पथकात होता, हे मी विसरलेच होते. त्याने दोन टोले दिले आणि गोठ्याचा पत्रा दणाणला. मी शेकोटीत लाकडं सरकवत राहिले. अंधार पडत आला तशी वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं. उसाच्या कडेला दोन डोळे होते. जाळाच्या उजेडात ते हिरवट चमकत होते, हलत नव्हते. दादाने पाहिलं. त्याचे हात थांबले नाहीत. तो एक पाऊल पुढे गेला आणि आणखी जोरात वाजवू लागला.

माथ्यावर, कुंभ राशीत, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं त्या जागी धाकली होती. तिचा आवाज त्याच वेळी आमच्या तिघांच्या अंगावरून, त्या वाघाच्याही अंगावरून जमिनीवर पडत होता. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी इतकं थोर काहीतरी वाटत होतं की रडू येईल असं झालं. मग डोळे विझले. ऊस थोडा सळसळला आणि शांत झाला.

उरलेल्या दोन्ही संध्याकाळी दादाने पथकाला पाळी दिलीच नाही. स्वतःच वाजवलं.

गणितं व्हायला महिना गेला. मग मॅडम स्वतः आंबेदऱ्यात आल्या. शाळेच्या सभागृहात दुपारी पडदा लावला, सगळी ढोलपथकं पुढे बसवली. पडद्यावर टेकडी आली, आणि तिच्या उतारावर ती काडी. आता तिच्याबद्दल कुणालाही शंका घेता आली नसती.

"हा धाकलीचा आवाज," मॅडम म्हणाल्या. "जगात तो पहिल्यांदा तुम्ही ऐकलात. तिचा वायू परत आलाय. पहिल्या पिढीच्या ताऱ्यांनी फुटताना बाहेर फेकलेला तोच वायू, त्यांची राख पोटात घेऊन. तो तिच्या मधोमध जमलाय, इतका थंड झालाय की आता आकसायला लागलाय. वायू असा आकसला की तारे होतात. एक नाही, घोळकाच्या घोळका. तीन अब्ज वर्षांनी."

मागून दादा उभा राहिला. इतक्या लोकांत तो बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

"बाई, ह्यो आवाज तिथून निघाला कधी?"

"चौदा लाख वर्षांपूर्वी. तिथून इथे यायला तेवढा वेळ लागतो. तुमच्याजवळ बोरीला, कुकडीच्या काठी, दगडाची जुनी हत्यारं सापडली ना? किती जुनी यावर विद्वान अजून भांडतात. पण काही म्हणतात, ती त्याच सुमाराची."

"म्हंजे नदीवर ती मान्सं दगूड फोडत व्हती, तवा ही बातमी निघाली."

"हो."

"आन् अशा वायूचा तारा व्हायला किती टाइम लागतो?"

"दहा लाख वर्षं. कमीही."

दादाने मनात हिशोब केला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मंग जलमलेत की. आत्ता, ह्या टायमाला, तिथं हायेत ती."

मॅडमनी पडद्यावरच्या काडीकडे एकदा बघितलं. "शास्त्रज्ञ म्हणून मी नक्की म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हो, दादा. मलाही तसंच वाटतं. जन्मलेत. उजेड अजून वाटेत आहे, तो पोचेल तेव्हा आपल्यापैकी कुणी नसेल."

दादा खाली बसला. नंतर चर्चा झाली, हार झाले, फोटो झाले, पण तो मला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर गेले तर चुलीवर मोठं पातेलं होतं आणि वहिनी त्यात हरभरे ढवळत होती. घुगऱ्या. आमच्याकडे घरात मूल झालं की बारशाला वाटतात त्या.

"कुणाचं बारसं?" मी विचारलं.

"ह्यांना विचारा. पहाटंपास्नं मागं लागलेत."

दादा परात घेऊन आला. "बगतीस काय? बातमी पोचायला आजून दहा लाख वर्सं लागणार. तोवर गावानं तोंड गोड करायचं नाय का?"

"घुगऱ्या कुठे गोड असतात?"

"वाटताना असत्यात."

त्याने परात भरून घेतली. मग घराकडे पाठ फिरवून आधी गोठ्यात गेला. वासरू गेल्यापासून हौसा नीट खात नव्हती. दादाने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि पहिली मूठ तिच्यापुढे धरली. तिने बराच वेळ नुसता वास घेतला. दादा घाई न करता तसाच उभा राहिला. मग तिने त्याचा तळहात चाटून साफ केला, आणि दादा गावात वाटायला निघाला.